चित्राखालचं कार्ड

चांदे मेला ही बातमी खुद्द चांदेलाच बुधवारी दुपारी कळली. तेव्हा तो दार-ए-सलामच्या तेमेके भागातल्या आपल्या टपरीमागे दगडावर ऑक्टोपस आपटत होता. मनसोक्त आपटल्याशिवाय ऑक्टोपस मऊ पडत नाही आणि सुपाला चव येत नाही, त्यामुळे चांदेला या कामात कुणी अडवलेलं खपत नसे. तेवढ्यात त्याची मुलगी तुमु आपली बजाजी, म्हणजे तिची तीनचाकी रिक्षा, थेट त्याच्या पायापर्यंत घेऊन आली.

"बाबा, थांबवा ते आपटणं," ती म्हणाली. "तुम्ही मेलायत."

"कधी?"

"मी लहान असतानाच. नदीवर मगरीनं नेलं तुम्हाला."

"आणि हे मला आत्ता सांगतेस होय? इतकी वर्षं फुकट सूप विकलं की मी!" चांदे गदगदून हसला. मग त्यानं पोरीचं तोंड पाहिलं आणि त्याचं हसू आटलं.

"मी पण मेलेय," तुमु म्हणाली. "तुमच्या मागोमाग. तापानं."

तिनं फोन पुढे केला. सकाळी समुद्राकाठच्या मोठ्या हॉटेलात तिनं एक गिऱ्हाईक सोडलं होतं. तिथल्या व्हरांड्यात चित्रं टांगलेली दिसली. इस्पितळातल्या मुलांच्या वॉर्डासाठी एक संस्था दरवर्षी चित्रांचा लिलाव करते, तो येत्या शनिवारी चार वाजता होता. आईनंही एक चित्र दिलंय हे तुमुला माहीत होतं, म्हणून ती कौतुकानं बघायला गेली. प्रत्येक चित्राखाली एक जाड, गुळगुळीत कार्ड होतं. इंग्रजीत. तुमुनं तिथंच उभं राहून ते तीनदा वाचलं, फोटो काढला आणि पुढचं भाडं सोडून सरळ टपरीचा रस्ता धरला.

कार्डावर होतं ते असं: 'सोमोए ही निरक्षर विधवा आहे. तिच्या पतीला मगरीने नेले. त्यानंतर महिन्याभरात तिची एकुलती एक मुलगी तुमु हिने तापाने तिच्या मांडीवर प्राण सोडला. त्या दुःखात सोमोएने हे एकमेव चित्र रंगवले आणि पुन्हा कधी रंगाला हात लावला नाही. चित्रावर तिने आपल्या दिवंगत मुलीच्या नावाने सही केली आहे.'

निरक्षर! गल्लीतल्या अर्ध्या लोकांचे अर्ज सोमोए लिहून देते. आणि रंगाला हात लावला नाही म्हणे. म्सासानीच्या रस्त्यावरच्या चित्रकारांच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती बावीस वर्षं मांडी घालून बसलीय. नखांतला निळा रंग आता रॉकेलनंसुद्धा निघत नाही.

बापलेक शेडमध्ये पोचले तेव्हा ती ठिपके देत होती. एनॅमलच्या पिवळ्याधमक पाटीवर चार ठिपक्यांच्या रानकोंबड्या, मागे निळी नदी, नदीत हसणारी मगर, आणि बाओबाबच्या झाडाखाली लाल वस्त्र नेसलेली एक बाई. कोंबडीच्या अंगावरचा प्रत्येक ठिपका एका टेकणीत यायला हवा. दुसऱ्यांदा ब्रश लावलेला ठिपका लगेच कळतो, म्हणून ठिपके देताना सोमोएशी कुणी बोलत नसे. तुमु बोलली. सोमोएनं मान खाली ठेवूनच सगळं ऐकलं, ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला, फडक्याला नीट पुसला, आणि मग तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मेली म्हणजे?" ती म्हणाली. "माझी तुमु मेली, असं लिहिलंय? छापून?"

सत्तावीस वर्षांपूर्वी तुमु जन्मली, त्या दिवसापासून तिला सोमोए म्हणून कुणी हाक मारली नव्हती. शेजारीपाजारी, दुकानदार, मशिदीतले इमाम, इतकंच काय चांदेसुद्धा तिला 'तुमुची आई' म्हणायचा. चित्राच्या कोपऱ्यात ती सहीसुद्धा तीच करायची. मग तुमु मेली तर ही कोण उरली? कोणी परकं माणूस असं येऊन पोरीला मारून जातं, वर आईच्या सहीला पुरावा म्हणून वापरतं. बावीस वर्षांत तिनं असा राग कधी केला नव्हता. डब्याला लाथ मारली तर रंग वाया जाईल म्हणून तिनं ती मारली नाही, एवढंच.

"पोरी," शेडमधला सगळ्यात म्हातारा चित्रकार लिक्वेपा कोपऱ्यातून म्हणाला, "तो चष्मेवाला वही घेऊन आला होता ना, त्याला तू काय सांगितलंस?"

आणि सोमोएला आठवलं.

दोन महिन्यांपूर्वी संस्थेतला देओ आला होता. मोठा अदबशीर माणूस. चहा घेतला, तळलेले मांडाझी खाल्ले आणि विचारलं, "मावशी, या चित्राची गोष्ट काय?" तिनं सांगितली. तिकडे दक्षिणेला, तुंदुरूजवळ, सोमोएच्या आजीच्या घरात गोष्ट सांगायची एक रीत होती. सांगणारी स्वतःच त्या गोष्टीतली बाई होऊन बसायची. 'एक होती बाई' असं म्हणायचं नाही. मी नदीवर गेले, माझा नवरा मगरीनं नेला, माझी लेक तापानं गेली, मी तिच्यावर इतकी रडले की ती उठून रानकोंबडी झाली आणि माझी आसवं तिच्या अंगावर ठिपके झाली. असं सांगायचं, आणि संपलं की तीन टाळ्या वाजवायच्या. तीन टाळ्या वाजल्या की ती बाई निघून जाते आणि आजी पुन्हा आजी होते. ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला हे कळतं. सोमोएनं देओपुढेही तीन टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानं सगळं लिहून घेतलं, टाळ्या तेवढ्या लिहिल्या नाहीत.

"मीच माझ्या तोंडानं सांगितलं," ती म्हणाली. "मीच मारलं माझ्या पोरीला."

"आई, काहीतरीच काय," तुमु म्हणाली. "आणि मी कोंबडी झाले ते का नाही लिहिलं मग? ते बरं कळलं त्यांना!"

हे मात्र खरं होतं. कोंबडी गोष्टीतली, हे कळलं. पण मेलेली पोर तेवढी खरी. सोमोए विचार करू लागली तसा तिचा स्वतःवरचा राग हळूहळू योग्य दिशेला वळला. तरीही तिनं ठरवलं, चूक झाली असेल. सांगू, बदलतील. चित्र एकदा विकलं की समुद्रापार कुणाच्या तरी भिंतीवर जाईल, आणि जोवर ती भिंत उभी आहे तोवर तुमु तिथं मेलेलीच राहील. त्याआधी ते कार्ड काढायला हवं होतं. हातात दोन दिवस होते.

गुरुवारी ती संस्थेच्या कचेरीत गेली. लिस्बेट माडामनं तिला थंड पाणी दिलं. ही लिस्बेट युरोपातली, अकरा वर्षं दार-ए-सलाममध्ये राहिलेली. तिचं स्वाहिली शाळेत शिकवल्यासारखं होतं, इतकं स्वच्छ की त्याच्यावर राग काढायचा तर कुठून सुरुवात करावी ते कळेना.

"आपण आलात, फार आनंद झाला," लिस्बेट म्हणाली. "देओनं मला सांगितलं. गैरसमज झाला. मला अतिशय वाईट वाटतं."

"वाईट वाटू नका माडाम. कार्ड काढा."

"पुस्तिका सगळीकडे गेल्या आहेत. एका गृहस्थांनी केवळ आपल्या चित्रासाठी विमानाचं तिकीट काढलं. ते माझ्याजवळ रडले."

"माझी पोर जिवंत आहे म्हणून सांगा, हसतील."

लिस्बेटनं हात जोडल्यासारखे केले. "आपण वॉर्डातल्या मुलांचा विचार करा."

"तोच करून चित्र दिलं!" सोमोएचा आवाज चढला. "फुकट दिलं, का ते ठाऊक आहे? माझी तुमु आठ वर्षांची असताना तापानं फणफणली होती. तुमच्याच त्या वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर नऊ दिवस होती. दहाव्या दिवशी उठून बसली आणि खायला उगाली मागितली. हे लिहा की! वाचली असं लिहा!"

लिस्बेट देओकडे बघायला लागली. देओ चष्मा पुसायला लागला. मग खाली बघत, हळू आवाजात, म्हणाला, "मावशी, खरं सांगू? वाचलेल्या पोराला कुणी पैसे देत नाही."

लिस्बेटनं त्याला दटावलं नाही. नाही असंही म्हणाली नाही. तेव्हा सोमोएला कळलं की चूक झाली होती ती दोन महिन्यांपूर्वी. आत्ता जे चाललंय त्याला चूक म्हणत नाहीत.

"माझं चित्र परत द्या."

"ते दान आहे," लिस्बेट म्हणाली. "ते आता वॉर्डाचं आहे. शनिवारी आपण जरूर या, मी आपल्यासाठी पुढची खुर्ची ठेवते."

दारापर्यंत सोडायला देओ आला. "या मावशी, पण एक करा," तो कानाशी म्हणाला. "काकांना नका आणू."

शुक्रवारी सोमोए शेडमध्ये आली ती धुसफुसतच. एक ठिपका दोनदा टेकला, शिवी हासडली, तो पुसला, पुन्हा चुकली. जो भेटेल त्याच्यावर ती डाफरत होती. शेजारच्या टपरीतली बाई बातमी अर्धवट ऐकून चांदेसाठी 'पोले, पोले' करत, डोळ्याला पदर लावत सांत्वनाला आली, तिलाही झापलं. ती बिचारी घाबरून पळाली आणि वाटेत चांदे दिसला तेव्हा किंचाळली.

"काय पण चित्र," लिक्वेपा म्हातारा आपला ब्रश चालवत म्हणाला. "म्हणे एकमेव. अगं, बावीस वर्षं तू हेच काढतेयस. आम्ही सगळे तेच करतो, खपणारं चित्र कोण सोडतं? वर बघ, भिंतीवर कोंबड्यांचा बाजार भरलाय."

सोमोएनं वर बघितलं. भिंतीवर तेच चित्र पाच वेळा टांगलेलं होतं. एकाची पाटी पिवळी, एकाची गुलाबी, एकाची मगर जरा जाडी. पाचही बायका लाल वस्त्रात, बाओबाबखाली, आणि पाचांच्या कोपऱ्यात एकच सही. तिनं ब्रश खाली ठेवला. मग उठून एकेक खाली काढायला लागली.

"कुठं नेतेस?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"पोरीच्या मयताला," ती म्हणाली.

शनिवारी चांदेनं पांढरा झगा घातला, भरतकामाची टोपी घातली, दाढीला अत्तर लावलं. "मेलेल्या माणसानं जरा व्यवस्थित असावं," तो म्हणाला, पण सोमोए हसली नाही. तुमुनं पाच चित्रं बजाजीच्या मागे दोरीनं बांधली. हॉटेलच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यानं हात आडवा केला, मग आत डोकावून म्हणाला, "तुमु तू होय? हे कोण?"

"आईबाबा. आईचं चित्र लागलंय आत."

"मग जा की," तो म्हणाला आणि फाटक उघडलं.

हिरवळीवर पांढऱ्या खुर्च्या मांडल्या होत्या. लोक पंख्यांनी वारा घेत होते, पोरं काजू खात होती, मंचावर सुटातला एक माणूस हातोडी घेऊन उभा होता. त्याच्या बाजूला सोमोएचं चित्र. तो कार्ड वाचत होता, असा आवाज काढून की जणू मगरीनं त्याच्याच भावाला नेलंय. शेजारी देओ तेच स्वाहिलीत सांगत होता आणि त्याची मान वर येत नव्हती. पुढच्या रांगेत एक पांढऱ्या मिशीचे गृहस्थ रुमालात नाक शिंकरत होते. 'तिने मांडीवर प्राण सोडला,' देओ म्हणाला, आणि सगळी हिरवळ चिडीचूप झाली.

त्या शांततेत सोमोएनं मागून टाळ्या वाजवल्या. एक. दोन. तीन. रंगकाम करून कडक झालेले तिचे तळवे, फटाके फुटावेत तसा आवाज झाला.

लोकांनी वळून पाहिलं. आता टाळ्या वाजवायच्या असतात असं वाटून दोघातिघांनी वाजवल्याही, आणि मग त्यांचं बघून सगळ्यांनीच. पोरीच्या मरणाला टाळ्यांचा कडकडाट झाला. सोमोए त्या टाळ्यांमधूनच चालत पुढे आली. तिनं एक चित्र मंचाला टेकवून ठेवलं. मग दुसरं. तिसरं. चौथं. पाचव्यापर्यंत टाळ्या थांबल्या होत्या.

"गोष्ट संपली," ती म्हणाली. "देओ, सांग यांना. तीन टाळ्या वाजल्या की गोष्ट संपते. त्या दिवशीही वाजवल्या होत्या मी. तू चहा पीत होतास."

देओनं लिस्बेटकडे पाहिलं.

"तिच्याकडे काय बघतोस? तुला जीभ आहे ना?"

देओनं सांगितलं. आधी चाचरत, मग हळूहळू आवाज मोकळा होत गेला. बहुधा त्यालाच आतून बरं वाटलं असावं.

"हे एकमेव नाही," सोमोए पुढे म्हणाली. "ही सहा आहेत, सोमवारी सातवं होईल. आणि हा माझा नवरा. याला मगरीनं नेलेलं नाही. मगरीला चालला असता, पण याच्या अंगाला ऑक्टोपसचा वास येतो." मागे कुठला तरी वेटर फिसकन हसला. "आणि ही तुमु. ही माझी मुलगी. हिचं नाव माझ्या सहीत आहे, कारण ही जिवंत आहे!"

चांदेनं टोपी काढून सगळ्यांना सलाम केला. तुमु हाताची घडी घालून, किल्ल्यांचा जुडगा बोटात अडकवून उभी होती. पांढऱ्या मिशीच्या गृहस्थांनी तिच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं आणि रुमाल खिशात घातला. त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता. कुणीतरी आपली फसवणूक केलीय असा चेहरा होता, आणि ते लिस्बेटकडे न बघता तुमुकडेच बघत होते.

हे सोमोएनं पाहिलं, आणि तिचा उरलासुरला धीर सुटला.

"ऐका," ती ओरडली. "ही आठ वर्षांची असताना तापानं मरायला टेकली होती. ज्या वॉर्डासाठी तुम्ही जमलात तिथंच, नऊ दिवस. नर्सनी रात्रंदिवस जागून वाचवली. मेलेल्या पोरीला तुम्ही पैसे देत होता ना? आता बोला. जिवंत पोरीचे किती?"

देओनं ते इंग्रजीत सांगितलं. शब्दन् शब्द.

हातोडीवाला माणूस थोडा खाकरला. त्यानं सवयीनं हिरवळीवरून नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे. एकही हात वर आला नाही. कुणी पुस्तिका चाळत होतं, कुणी बुटावरचं गवत झटकत होतं. समुद्राचा आवाज ऐकू येत होता.

"पुढचं चित्र," तो म्हणाला.

सोमोएनं आपलं चित्र स्टँडवरून उचललं. लिस्बेट धावत आली. तिचे डोळे भरले होते आणि पहिल्यांदाच तिचं व्याकरण चुकलं. "तू मुलांचं नुकसान केलं," ती म्हणाली. "वॉर्डाला चित्र नको. खाटा पाहिजे."

हे खरं होतं. खरं असल्यामुळेच सोमोएला अधिक चीड आली. खाटा हव्यात हे तिला कोण सांगत होतं? त्या खाटांपैकी एकीखाली, सिमेंटवर, ती नऊ दिवस झोपली होती.

"मग खाटांसाठी मागा," ती म्हणाली. "ताठ मानेनं मागा, खाट नाही म्हणून सांगा. दरवर्षी चित्र देईन मी. पण माझी पोर द्यायची नाही."

आणि तिनं चित्राच्या चौकटीला चिकटवलेलं ते कार्ड ओरबाडून काढलं. सोबत पिवळ्या एनॅमलचा एक टवका निघाला, त्याकडे तिनं बघितलंही नाही.

तिथून बजाजी थेट इस्पितळात गेली. कुणाला विचारायचं, कुणाची परवानगी घ्यायची, याच्या भानगडीत सोमोए पडली नाही. मुलांच्या वॉर्डात चांदेनं चित्रासाठी दगडानं खिळा ठोकला, खिडकीजवळच्या खाटेच्या वर. खाटेवर दोन मुलं होती, एक उशाकडे, एक पायथ्याकडे. उशाकडची पोर सहासात वर्षांची असेल, ओठ सुकलेले, पण डोळे उघडे. तिची आई जमिनीवर बसून वारा घालत होती.

"कोंबड्या," पोर म्हणाली.

"चार आहेत," सोमोए म्हणाली. "मोज."

पोरीची आई चित्राकडे बघत राहिली. पाणी, मगर, झाडाखालची ती बाई. "आजी, याची गोष्ट काय?" तिनं विचारलं.

सोमोएनं तोंड उघडलं. मी नदीवर गेले, हे शब्द तिच्या जिभेवर आले होते, वर्षानुवर्षं तेच येत होते. तिनं पोरीकडे पाहिलं, आईच्या हातातल्या पंख्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. मग तिनं त्या बाईला दंडाला धरून उठवलं आणि खिडकीशी आणलं. खाली अंगणात बजाजीला टेकून तुमु कुणाशी तरी पार्किंगवरून तावातावानं भांडत होती.

"ती बघ," सोमोए म्हणाली. "ती लाल शर्टवाली, भांडतेय ती. ती याच खाटेवर होती. मी तिची आई."